रोड बाइक जोडतोय : क्रँक बसवला की जड फिरतो, बॉटम ब्रॅकेटमध्ये (बीबीत) नेमकं काय अडतंय?

सुट्टे_भाग · शनिवार, रात्री १०:५२

नमस्कार मंडळी. गेले काही महिने जमेल तसे भाग गोळा करून एक रोड बाइक स्वतः जोडतोय. याआधी चेन बदलणं, ब्रेक लावणं, चाकाचा आउट काढणं एवढंच केलंय. रिकाम्या फ्रेमपासून सुरुवात पहिल्यांदाच.

फ्रेम स्टीलची, जुनी, पण नव्याने पावडर कोटिंग करून घेतलेली. बॉटम ब्रॅकेट (बीबी, म्हणजे क्रँकच्या दांड्याची बेअरिंग) ज्यात बसतो ते शेल, म्हणजे फ्रेमची आडवी नळी, ६८ मिमी रुंद, बीएसए प्रकारच्या आट्यांचं (स्क्रूसारख्या वेढ्यांचं). बीबी शिमानोचा, शेलच्या बाहेर बेअरिंगचे दोन कप असलेला. क्रँकसेट (पेडल लागतात ते हात) हॉलोटेक २, म्हणजे २४ मिमी जाडीच्या दांड्याचा. बीबी आणि क्रँक दोन्ही नवेकोरे.

कप बसवले, दांडा आरपार घातला, डावा क्रँक लावला, प्रीलोडची टोपी आवळली, बोल्ट घट्ट केले. चेन अजून लावलेली नाही. हाताने झटका दिला तर क्रँक पाऊण फेरा मारतो आणि थांबतो. मंदावत मंदावत नाही, कोणी हात धरल्यासारखा. शिवाय आतून बारीक खरखर ऐकू येते असं वाटतं, पण रात्री अकरा वाजता मला काहीही ऐकू येतं. माझ्या जुन्या सायकलचा क्रँक चेन काढल्यावर सात-आठ फेरे सहज मारतो. व्हिडिओंमध्ये तर लोकांचे क्रँक मिनिटभर गरागरा फिरत असतात.

बेअरिंगच खराब निघाले का? परत पाठवू?

निवांत_चाक · शनिवार, रात्री ११:१०

नवीन बीबी असाच असतो हो. सील नवं, ग्रीस दाबून भरलेलं. पाचशेक किलोमीटर चालवा, आपोआप मोकळा होईल. तीन सायकलींचा अनुभव आहे.

आणि जुन्या सायकलचा क्रँक सात-आठ फेरे मारतो म्हणजे तिच्या बेअरिंगमध्ये ग्रीस उरलेलं नाही. तिची काळजी करा!

वाचनमात्र · शनिवार, रात्री ११:१५

रुमाल टाकून ठेवतो. माझीही फ्रेम रंगवून यायची आहे.

ग्रीसलेले_हात · शनिवार, रात्री ११:३४

निवांत, तुमचं अर्धं बरोबर आहे. नवं सील ओढतंच. पण त्या ओढण्याची एक जात असते: पूर्ण फेऱ्यात सारखं, घट्ट तेलात चमचा फिरवावा तसं. धागाकर्ते म्हणताहेत 'हात धरल्यासारखा थांबतो'. जड फिरणं वेगळं आणि अडणं वेगळं.

सुट्टे_भाग, बेअरिंग परत पाठवायची घाई नको. मला एकच सांगा, *कुठल्या पायरीला* जड झालं? सगळं जोडून झाल्यावर झटका देऊन पाहिलं तर पाच-सहा संशयित एकाच रांगेत उभे राहतात आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवतो. उद्या सगळं सोडा. कप हातात घ्या आणि आतली रिंग बोटाने फिरवून तो स्पर्श लक्षात ठेवा. मग एकच कप फ्रेममध्ये पूर्ण आवळा, परत बोट लावा. मग दुसरा. मग उजवा क्रँक दांड्यासकट आत घाला आणि फिरवा, डावा अजून नको. मग डावा लावा, पण टोपी नको. मग टोपी. मग बोल्ट. ज्या पायरीला हाताला फरक जाणवेल तिथे थांबा आणि इथे लिहा. पुढे जाऊ नका.

उलटे_आटे · शनिवार, रात्री ११:५८

तोपर्यंत दोन प्रश्न.

एक, ती टोपी कशाने आवळली? हॉलोटेकच्या प्रीलोड टोपीचा टॉर्क (आवळण्याचा जोर) ०.७ ते १.५ न्यूटन-मीटर आहे. हे इतकं कमी आहे की त्याचं हत्यार म्हणून प्लास्टिकची एक छोटी चकरी देतात, जी दोन बोटांच्या चिमटीत धरून फिरवायची असते. हे हत्यार मुद्दामच फुसकं केलंय. टोपीचं काम फक्त डावा क्रँक आत सरकवून आडवा प्ले (ढिलेपणा) काढणं. डाव्या क्रँकचे दोन्ही बोल्ट सैल असतानाच ती फिरवायची, प्ले गेला की थांबायचं. मग क्रँकच्या फटीतली प्लास्टिकची जिभली खाली दाबायची आणि दोन्ही बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे करत १२ ते १४ न्यूटन-मीटरपर्यंत न्यायचे. बोल्टांनी दांडा धरला की टोपीवर काही भार राहत नाही. ती जास्त आवळली असेल तर तो दाब बोल्ट कायमचा कोंडून ठेवतात आणि बेअरिंग दोन्ही बाजूंनी चेपत राहतात.

दोन, कपाखाली २.५ मिमीच्या चकत्या घातल्यात का? त्या माउंटन बाइकच्या क्रँकसाठी असतात. ६८ मिमी शेलवर रोडचा क्रँक असेल तर एकही चकती लागत नाही. डब्यात आहे म्हणून घालणारे मी पाहिलेत. मग दांडा अपुरा पडतो आणि लोक टोपीच्या जोरावर डावा क्रँक ओढत बसतात.

सुट्टे_भाग · रविवार, दुपारी १:२०

आधी कबुली. ती प्लास्टिकची चकरी मी पक्कडीत धरून फिरवली होती. 'घट्ट म्हणजे चांगलं' या न्यायाने.

चकत्या घातलेल्या नाहीत.

टोपी सोडून, सांगितलं तशी चिमटीने आवळली. पाऊण फेऱ्याचा सव्वा फेरा झाला. म्हणजे थोडा गुन्हा माझा होता, पण सगळा नव्हे.

मग सगळं सोडून पायरीपायरीने गेलो. कप हातात : छान, एकसारखं, किंचित चिकट. उजवा कप आवळल्यावर : तसंच. डावा आवळल्यावर : तसंच. मग उजवा क्रँक घातला. उजव्या कपातून दांडा हाताने सरकला, डाव्या कपाशी येऊन थांबला. रबरी हातोडीने ठोकावं लागलं, हलकं नाही, चांगलं पाच-सहा वेळा. आणि तिथेच क्रँक जड. डावा क्रँक लावलेलाच नाही, टोपी नाही, बोल्ट नाहीत, तरी जड. खरखरही आहेच, भास नव्हता.

ग्रीसलेले_हात · रविवार, दुपारी १:४१

वा, आता बोलायला काहीतरी मिळालं. टोपी निर्दोष सुटली, निदान या उरलेल्या जडपणापुरती. दोन्ही बेअरिंग एकेकटी चांगली फिरताहेत, म्हणजे तीही सुटली. दोघांतून एकच दांडा गेला की अडतंय. याचा अर्थ बहुतेक वेळा एकच निघतो : दोन्ही कप एका रेषेत नाहीत.

दांडा डाव्या कपात शिरताना हातोडीचे दोन-चार हलके ठोके लागणं नेहमीचं आहे. 'चांगलं' ठोकावं लागणं नेहमीचं नाही.

घाटवेडी · रविवार, दुपारी २:०५

थांबा, थांबा. फेसिंगकडे (शेलची तोंडं कापून सरळ करण्याकडे) जायच्या आधी खरखरीचं बघा. रेषेत नसलेले कप जड फिरतात, पण खरखरत नाहीत.

फ्रेम उलटी करा. शेलच्या पोटाशी गियरच्या केबलींसाठी प्लास्टिकचा गाइड असतो, तो एका स्क्रूने बसवलेला असतो. त्या स्क्रूचं भोक थेट शेलच्या आत निघतं. जुन्या सुट्या छर्‍यांच्या बीबीत मधला भाग पोकळ असायचा, स्क्रू दोन-तीन मिलिमीटर आत डोकावला तरी कोणाचं काही बिघडत नसे. आता दोन कपांच्या मध्ये प्लास्टिकची नळी असते आणि तिच्यातून २४ मिमीचा जाडजूड दांडा जातो. जागाच उरत नाही. मी एकदा हा आवाज शोधायला दोन रविवार घालवले आणि क्रँक, पेडल, चेनरिंगचे बोल्ट, सगळं सोडून झाल्यावर शेवटी कंटाळून सायकल उलटी केली तेव्हा तो स्क्रू दिसला. रंगवायला दिलेल्या फ्रेमला गाइड परत लावताना जो हाताला येईल तो स्क्रू लावतात, हे लक्षात घ्या.

सुट्टे_भाग · रविवार, संध्याकाळी ६:३०

घाटवेडी, साष्टांग.

दांडा बाहेर काढून उजेडात धरला. बरोबर मध्याच्या आसपास, केसाएवढी बारीक, चकचकीत रेघ. पूर्ण गोल फिरलेली, जणू कोणी कंपासाने काढली. मग कप काढून मधली नळी पाहिली तर तिला एका जागी आत गेलेला खळगा आणि खळग्याच्या मधोमध पांढुरकं भोक. स्क्रू १६ मिमी लांब लावला होता. दहाचा पुरतो. बदलला. नळीच्या भोकावर आतून-बाहेरून चिकटपट्टी लावली आहे तात्पुरती, नवी नळी मागवतोय.

खरखर शंभर टक्के गेली. क्रँक आता दीड फेरा मारतो. पण अजूनही जडच, आणि दांडा घालताना हातोडी तितकीच लागली.

निवांत_चाक · रविवार, संध्याकाळी ६:४४

दीड फेरा म्हणजे झालं की! चालवा आता.

ग्रीसलेले_हात · रविवार, संध्याकाळी ७:०२

निवांत, तुमच्या नावाला जागताय. हलके घ्या.

सुट्टे_भाग, एक सोपा प्रयोग. उजवा क्रँक दांड्यासकट आत असू द्या, डावा काढलेला. एका हाताने क्रँक सावकाश फिरवत राहा आणि डावा कप पान्याने फक्त पाव फेरा सैल करा. क्रँक त्याच क्षणी मोकळा झाला तर दोष शेलच्या तोंडांचा.

कारण सांगतो. कप आट्यांवर आत जातो, तोवर आट्यांच्या रेषेत असतो. पण शेवटच्या पाव फेऱ्यात त्याची कॉलर शेलच्या तोंडावर टेकते आणि ३५ ते ५० न्यूटन-मीटरने आवळल्यावर आटे काय सांगतात याला किंमत उरत नाही. तोंड ज्या दिशेला बघतं त्या दिशेला कप बघायला लागतो. तोंड तिरकं असेल किंवा त्यावर रंगाचा ढेकूळ असेल तर कपही तिरका. दोन कप दोन दिशांना बघणारे आणि त्यांतून एक सरळ दांडा.

जुन्या फ्रेमवर हा प्रश्न आधी का दिसला नाही, तर चौकोनी दांड्याच्या कार्ट्रिज बीबीत दोन्ही बेअरिंग एकाच बंद नळकांड्यात असतात, कारखान्यातच एका रेषेत बसवलेली. फ्रेमने त्याला फक्त धरून ठेवायचं. बाहेरच्या कपांत ती जबाबदारी फ्रेमवर येऊन पडली. तीच फ्रेम, तेच शेल, पण आता त्याची परीक्षा वेगळी आहे.

पीएफ_त्रस्त · रविवार, रात्री ८:१२

मध्येच घुसतोय. माझी कार्बन फ्रेम आहे, बीबी ८६, प्रेसफिट (आट्यांशिवाय, दाबून बसवायचा). तिथेही बेअरिंग हातात मऊ आणि दाबून बसवल्यावर दाणेदार, अडखळत फिरतात. हेच कारण का?

उलटे_आटे · रविवार, रात्री ८:४०

लक्षण सारखं, रोग वेगळा. तुमच्या शेलचं भोक ४१ मिमीचं असायला हवं. ते किंचित लहान असेल तर बेअरिंगची बाहेरची रिंग चेपली जाते, छर्‍यांना असलेली केसभर मोकळीक संपते आणि फिरणं दाणेदार होतं. तिरकेपणाचा इथे संबंध असेलच असं नाही. भोक आतून मोजून घ्या. दोन-तीन ठिकाणी मोजा, लंबगोल असू शकतं.

आणि खरं सांगा, बसवताना प्रेस वापरला की लाकूड ठेवून हातोडी? आतल्या रिंगवर घाव बसला असेल तर तो छर्‍यांतून पलीकडे जातो आणि छर्‍यांच्या वाटेवर बारीक खळगे पडतात. मग भोक कितीही बरोबर असो, ते बेअरिंग गेलं. जोर नेहमी त्या रिंगवर द्यायचा जी घट्ट बसणार आहे, इथे बाहेरची.

वेगळा धागा काढा, तिथे बोलू.

पीएफ_त्रस्त · रविवार, रात्री ८:४३

लाकूड ठेवून हातोडी. काढतो धागा.

सुट्टे_भाग · रविवार, रात्री ९:५५

ग्रीसलेले_हात, तुम्ही इथे बसून माझ्या खोलीत बघताय का?

पाव फेराही लागला नाही. पाना जेमतेम बोटभर सरकला आणि उजवा क्रँक आपल्याच वजनाने खाली आला, लोंबकळून दोन-तीन वेळा मागे-पुढे झुलला. परत आवळला, परत जागच्या जागी चिकटला. चार वेळा करून पाहिलं, मजा वाटली म्हणून.

व्हर्नियरने शेलची रुंदी चार ठिकाणी मोजली. वर ६८.१, पुढे ६८.२, खाली ६८.४, मागे ६८.२. खालच्या बाजूला रंगाचा जाड ओघळ हातालाही लागतो. रंगवताना तोंडं झाकली नव्हती बहुतेक. आट्यांचे पहिले दोन वेढेही रंगाने भरलेत.

गणिती_किडा · रविवार, रात्री १०:२०

आकडे दिसले की राहवत नाही मला. वर-खालचा फरक ०.३ मिमी. शेलच्या तोंडाचा बाहेरचा व्यास ४० मिमी धरू. ०.३ भागिले ४० म्हणजे ०.००७५ रेडियन, सुमारे २६ आर्कमिनिटं (आर्कमिनिट म्हणजे अंशाचा साठावा भाग). एका ओळीच्या साध्या बॉल बेअरिंगला साधारण २ ते १० आर्कमिनिटांपर्यंतचा तिरकेपणा चालतो. आटे थोडं सावरून घेत असतील, सगळे २६ बेअरिंगवर येत नसतील, पण हद्द ओलांडली आहे हे नक्की. ०.३ मिमी ऐकायला काहीच वाटत नाही आणि इथे तेवढं पुरलं.

एक शंका : रुंदी मोजून दोन्ही तोंडं *एकमेकांना* समांतर आहेत का एवढंच कळतं. दोन्ही एकाच दिशेला सारखी कलली असतील तर रुंदी सगळीकडे सारखी येईल आणि तरी आट्यांच्या अक्षाला काटकोनात नसतील. बरोबर ना?

ग्रीसलेले_हात · रविवार, रात्री १०:३८

अगदी बरोबर. म्हणूनच व्हर्नियर दोष पकडू शकतो, निर्दोष ठरवू शकत नाही. फेसिंगचं हत्यार आट्यांत आधार घेऊन तोंड कापतं, त्यामुळे अक्षाशी काटकोन आपोआप येतो.

सुट्टे_भाग, पहिलं काम रंग. धारदार पातं आडवं धरून दोन्ही तोंडांवरचा रंग पूर्ण खरवडा, चकचकीत धातू दिसेपर्यंत. आट्यांतला रंग : जुना, टाकून दिलेला स्टीलचा कप कोणाकडे असेल तर त्याच्या आट्यांवर करवतीने उभ्या तीन-चार खाचा पाडा आणि तेल लावून हळूहळू आत-बाहेर करा. रंग खाचांत गोळा होतो. हे आटे *साफ* करण्यापुरतंच. बिघडलेले आटे यानं सुधारत नाहीत, त्याला खरा टॅप (आटे कापायचं हत्यार) लागतो, आणि उजवीकडे उलट्या आट्यांचा.

मग मार्करचा प्रयोग. तोंडांवर शाई फासा, कप कोरडाच पूर्ण आवळा, काढा आणि शाई कुठली पुसली गेली ते पाहा.

निवांत_चाक · रविवार, रात्री १०:५१

एवढं कशाला, सपाट कानशीने दोन्ही तोंडं घासून घ्यायची. मी केलंय.

ग्रीसलेले_हात · रविवार, रात्री १०:५९

नका हो सांगू लोकांना असं. रंग खरवडणं हाताचं काम आहे, धातू नाही. कानस कोणाच्याही हातात थोडी डोलतेच आणि तोंड सपाट होण्याऐवजी कडेला गोल होतं. शिवाय काटकोन कशाच्या आधाराने धरणार? एकदा धातू गेला की परत आणता येत नाही.

निवांत_चाक · रविवार, रात्री ११:०२

प्र. का. टा. आ. (प्रतिसाद काढून टाकला आहे.)

वाचनमात्र · रविवार, रात्री ११:०६

उजवीकडे उलटे आटे म्हणजे नेमकं काय? माझी रंगवून आली की मी चुकीच्या दिशेला जोर लावणार हे नक्की, म्हणून आत्ताच विचारतोय. शिवाय उलटे_आटे हे नाव कुठून आलं तेही कळेल.

उलटे_आटे · रविवार, रात्री ११:२५

नाव तिथूनच आलं, एका फ्रेमचा उजवा कप तासभर चुकीच्या दिशेला सोडायचा प्रयत्न केल्यावर. तो अजून आत जात होता.

बीएसए शेलमध्ये उजवा म्हणजे चेनकडचा कप घड्याळाच्या उलट दिशेला फिरवला की *आवळला* जातो. डावा नेहमीसारखा. कारण असं की फिरणाऱ्या भाराखाली कप स्वतःहून सरकत सरकत सैल व्हायला बघतो, म्हणून त्या बाजूचे आटे उलटे ठेवले की हे सरकणं सैल करण्याच्या बाजूने काम करत नाही. इटालियन शेलमध्ये दोन्ही बाजूंना सुलटे आटे असतात, शेल ७० मिमी, व्यास ३६ मिमी. त्यातला उजवा कप सैल होण्याबद्दल बदनाम आहे. बीएसएचे आटे १.३७ इंच व्यासाचे, दोन्हींत इंचाला २४ वेढे. म्हणून इटालियन शेलमध्ये बीएसएचा कप हाताला ढिला लागतो आणि बीएसएत इटालियन शिरतच नाही. जुनी फ्रेम घेतली असेल तर शेल ६८ की ७० एवढं आधी मोजा.

ग्रीस विसरू नका. स्टीलच्या शेलमध्ये अॅल्युमिनियमचा कप कोरडा बसवला तर काही वर्षांनी दोघं एकजीव होतात.

सुट्टे_भाग · मंगळवार, रात्री ९:१५

अपडेट. रंग खरवडला. नखाएवढे चिवट तुकडे निघाले. खाचा पाडलेला कप एका मित्राकडे मिळाला, आट्यांतून निळ्या रंगाचा भुगा निघाला, कप आता शेवटपर्यंत नुसत्या हाताने जातो. आधी तिसऱ्या वेढ्यापासूनच पाना लागायचा. तेव्हाच शंका यायला हवी होती.

आता वर ६८.०, खाली ६८.१५.

मार्करचा प्रयोग केला. उजव्या तोंडावरची शाई सगळीकडून पुसली गेली. डाव्या तोंडावर फक्त खालच्या बाजूची, चंद्रकोरीसारख्या पट्टीत; वरची शाई जशीच्या तशी ओली चकाकत होती. म्हणजे डावा कप आवळल्यावर खाली टेकतो आणि वर हवेत राहतो. फोटो काढायचा राहिला, बोटांनीच पुसली गेली.

क्रँक दोन फेऱ्यांना आलाय. उरलेल्यासाठी फेसिंगचं हत्यार असलेला माणूस गाठलाय, शनिवारी जातोय.

गणिती_किडा · मंगळवार, रात्री ९:४०

जायच्या आधी एक मोजमाप करून ठेवा ना. 'दोन फेरे' हे काही माप नाही. झटका किती जोरात दिला, पेडल लावलेत की नाही, यावर फेरे बदलतात. जड पेडल लावले तर तोच बीबी दुप्पट फिरेल, कारण टोकाला वजन आलं.

दोन्ही क्रँक लावा, पेडल काढा, क्रँक आडवे करा. दोन्ही बाजू जवळपास तोलतात. मग एका टोकाच्या भोकात दोरा बांधून थोडं थोडं वजन टांगा. कुठल्या वजनाला क्रँक खाली जायला लागतो ते लिहा. वजन किलोत, गुणिले ९.८१, गुणिले क्रँकची लांबी मीटरमध्ये, म्हणजे टॉर्क. मिनिटाला ९० फेरे म्हणजे सेकंदाला ९.४२ रेडियन. टॉर्कला त्याने गुणलं की वॅट.

सुट्टे_भाग · बुधवार, रात्री १०:३०

क्रँक १७० मिमी. डावा कप पूर्ण आवळून, आजच्या अवस्थेत १२० ग्रॅमला हलला. उत्सुकता म्हणून टोपी पक्कडीने परत पहिल्यासारखी आवळून पाहिली : २१० ग्रॅम. लगेच सोडली, शपथ.

गणिती_किडा · बुधवार, रात्री १०:४२

१२० ग्रॅम : ०.२ न्यूटन-मीटर, १.९ वॅट.
२१० ग्रॅम : ०.३५ न्यूटन-मीटर, ३.३ वॅट.

हे थांबलेल्या स्थितीतून हलवण्याचं घर्षण आहे, चालत्या क्रँकचं थोडं वेगळं येईल. पण तुलना करायला पुरतं.

निवांत_चाक · बुधवार, रात्री १०:५०

म्हणजे एवढ्या सगळ्या उद्योगात दोन-तीन वॅटचा मामला होता? टायरमध्ये थोडी हवा कमी भरली तरी याहून जास्त जातात. मी काय वेगळं सांगत होतो!

ग्रीसलेले_हात · बुधवार, रात्री ११:१५

वॅटबद्दल तुमचंच खरं, मान्य. पायांना हे कळलंही नसतं. पण वॅट वाचवायला कोण बसलंय? तिरक्या रिंगमध्ये छर्रे वाटेच्या मध्यावरून न जाता कडेला चढतात. बेअरिंग एका बाजूने खात जातं आणि काही महिन्यांत प्ले येतो. मग लोक म्हणतात, या बीबीत दमच नाही, आणि नवा आणून त्याच तिरक्या तोंडावर आवळतात. जडपणा हा इथे फक्त निरोप आहे.

त्या मिनिटभर फिरणाऱ्या क्रँकच्या व्हिडिओंचं मात्र मनावर घेऊ नका. सील काढून, ग्रीस धुऊन, पातळ तेलाचे दोन थेंब टाकले की कुठलाही बीबी तसा फिरतो. पहिल्या पावसापर्यंत.

घाटवेडी · बुधवार, रात्री ११:३१

+१. आणि फेसिंगवाल्याला सांगा, जेवढं लागेल तेवढंच काप. पूर्ण तोंडावर धातू चमकला की थांबायचं. फेसिंग झाल्यावर आटे स्वच्छ धुऊन घ्या, कीस आत राहतो आणि तोच नव्या बेअरिंगच्या सीलखाली जातो. जातीने उभ्या राहा तिथे. म्हणजे, राहा. तुम्ही बाई की बुवा ते ठाऊक नाही.

सुट्टे_भाग · शनिवार, संध्याकाळी ७:४५

बुवा.

झालं! आधी आट्यांतून टॅप फिरवला, मग फेसिंग. डाव्या तोंडावर पातं पहिल्यांदा फिरलं तेव्हा फक्त खालची चंद्रकोर कापली गेली, मार्करने दाखवली होती तीच. चार-पाच वेढ्यांत ती वाढत वाढत पूर्ण गोल झाली. हे बघायला मिळालं हेच खूप. आता चारही ठिकाणी ६७.८.

घरी येऊन कप ग्रीस लावून ४० ला आवळले. दांडा डाव्या कपातून तळहाताच्या दोन थापांत बाहेर आला, हातोडी कपाटातच. टोपी चिमटीने, जिभली खाली, बोल्ट १३ ला. झटक्याला तीन-साडेतीन फेरे, आणि थांबताना मंदावत थांबतो. टांगलेलं वजन : ३० ग्रॅम.

गणिती_किडा · शनिवार, संध्याकाळी ७:५१

०.०५ न्यूटन-मीटर. अर्ध्या वॅटच्या आत. ते बहुतेक नुसतं सील आहे.

सुट्टे_भाग · शनिवार, रात्री १०:१०

मंडळी, घात झाला. चेन लावली, गियर जुळवले. आता क्रँक उलटा फिरवला की जेमतेम अर्धा फेरा मारून थांबतो!!

ग्रीसलेले_हात · शनिवार, रात्री १०:१४

चेनला मागच्या डिरेलरची (गियर बदलणाऱ्या यंत्रणेची) स्प्रिंग ताणून धरते, त्यातल्या दोन छोट्या दातेरी चकत्या फिरतात, हबमधले पॉल (खटके) टकटकतात. ते सगळं तुम्ही हाताने उलटं ओढताय. बीबीचा काही संबंध नाही. आणि उलटं चालवत कुठे जाणार आहात? झोपा.

सुट्टे_भाग · रविवार, सकाळी ११:२०

झोपलो आणि पहाटे उठून ४२ किलोमीटर करून आलो. क्रँकचा विचार एकदाही आला नाही.

फक्त चढावर बसून जोर लावला की खालून, बीबीच्या जवळून, कर्र... कर्र... असा आवाज येतोय.

घाटवेडी · रविवार, सकाळी ११:२४

उभं राहून चालवलं की थांबतो?

सुट्टे_भाग · रविवार, सकाळी ११:२५

हो, पूर्ण थांबतो.

घाटवेडी · रविवार, सकाळी ११:२६

मग बीबी नाही. आवाज नळ्यांतून फिरून खालून आल्यासारखा वाटतो. सीटपोस्ट बाहेर काढा, पुसा, आतून ग्रीस लावा, सीटचे बोल्टही. तरीही आला तर नवा धागा.

वाचनमात्र · रविवार, सकाळी ११:४०

माझी फ्रेम रंगवून आली. शेलची तोंडं निळीशार आहेत, आणि ओघळही आहे. पातं शोधतोय.